आधी हाक, मग हातोडा: पोलीस आपल्या घराचं दार कधी तोडू शकतात?

चोरीच्या बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं: 'अज्ञात इसमाने दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून घरात प्रवेश केला.' फिर्यादीतून ते बातमीत येतं आणि बातमीतून आपल्या बोलण्यात. पण बंद घरात पोलीस शिरतात तेव्हा तेही हेच करतात. तीच पहार, तोच कोयंडा, चौकटीचा तसाच फाटलेला कोपरा. मग एकाला घरफोडी म्हणायचं आणि दुसऱ्याला कारवाई, ते कशावरून?

अंगावरच्या खाकीवरून, असं बहुतेकांना वाटतं. कायदा मात्र दोन वेगळ्याच गोष्टी बघतो. दार तुटण्याआधी बाहेरून काय बोललं गेलं, आणि दार तुटल्यावर आत काय लिहिलं गेलं.

मी फौजदारी कोर्टात वकिली करते. झडतीनंतर माणसं ऑफिसात येतात तेव्हा पहिला प्रश्न साधारण एकच असतो. "मॅडम, वॉरंट नव्हतं. मग ते आत आलेच कसे?" टीव्हीवर वॉरंटचा कागद फडकवतात आणि मग एक धिप्पाड इन्स्पेक्टर खांद्याने दार पाडतो, त्यामुळे हा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात आपल्याकडे बऱ्याचशा झडत्या वॉरंटशिवायच होतात आणि त्या कायदेशीर असू शकतात. (खांद्याने दार पाडणं हेही तितकंसं खरं नाही. सेफ्टी डोअर असलेल्या फ्लॅटपाशी पोलीस आधी किल्लीवाल्याला शोधतात.)

पोलीस दोन कारणांनी दाराशी येतात. एक तर माणूस हवा असतो, नाहीतर वस्तू हवी असते. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

आधी माणूस हवा असतो तेव्हाचं बघू. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं ४४ वं कलम म्हणजे जुनं ४७ वं. कोर्टाच्या व्हरांड्यात अजून जुनेच आकडे चालतात, पण मजकूर जवळजवळ तोच आहे. समजा, गंभीर मारामारीच्या गुन्ह्यात हवा असलेला एक तरुण मामाच्या घरी लपलाय असं मानायला पोलिसांकडे सबळ कारण आहे. मामाने काहीच केलेलं नाही. तरीही पोलिसांनी मागणी केली की त्याने त्यांना आत येऊ द्यायचं आणि शोध घ्यायला वाजवी मदत करायची, हे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. 'माझं घर आहे, तुमचा माणूस तिकडे शोधा' हे चालत नाही.

मामाने दार उघडलंच नाही तर? तर पोलीस बाहेरचं किंवा आतलं कोणतंही दार किंवा खिडकी तोडू शकतात, आणि घर आरोपीचंच असायला हवं असंही नाही. पण त्याआधी त्यांनी तीन गोष्टी केलेल्या असाव्या लागतात: आपण कोण आहोत आणि कोणत्या अधिकाराने आलोय ते सांगणं, कशासाठी आलोय ते सांगणं, आणि दार उघडा अशी रीतसर मागणी करणं. इतकं करूनही आत जायला दुसरा मार्ग उरला नसेल, तरच घाव घालायचा. 'रीतसर' म्हणजे किती मिनिटं, ते कायदा सांगत नाही. दुपारी चार वाजता जागं असलेलं घर आणि पहाटे साडेतीनला गाढ झोपलेलं घर यांना एकच घड्याळ लावून चालणार नाही, एवढं साध्या समजुतीनेही कळतं.

अटक वॉरंट हातात असेल तर हा अधिकार सरळ आहे. नसेल तर आणखी एक अट येते. गुन्हा असा हवा की ज्यात वॉरंट निघू शकतं, आणि परिस्थिती अशी हवी की वॉरंट आणायला गेलं तर तेवढ्यात माणूस पळून जाईल. दोन शेजाऱ्यांच्या शिवीगाळीची एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली आणि तेवढ्यावर कुणी दार तोडायला आलं, तर ते या कलमात बसत नाही. अदखलपात्र गुन्ह्याचा तपासही पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही, मग दार तोडणं दूरच.

याच कलमात दोन तरतुदी अशा आहेत की वाचताना जुना वाडा डोळ्यांसमोर उभा राहतो. ज्या खोलीत रूढीप्रमाणे परपुरुषांसमोर न येणारी स्त्री राहते, आणि अटक तिला करायची नाही, त्या खोलीत शिरण्याआधी तिला तसं सांगून बाहेर निघून जायला पुरेशी सवड द्यायची. मग खोली उघडायची. आणि दुसरी तरतूद उलट्या दिशेची: अटकेसाठी कायदेशीरपणे आत गेलेल्या पोलिसाला घरच्यांनीच आत कोंडलं, तर त्याला सोडवायला, किंवा त्याने स्वतः सुटायला, दार तोडता येतं. आत जाण्याचा अधिकार सगळ्यांच्या लक्षात राहतो. बाहेर पडण्यासाठीही कायद्याने ओळ लिहून ठेवलीय, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या ओळीवरून त्या काळी छाप्यांत काय काय होत असेल याचा अंदाज येतो.

ही 'आधी हाक मारा'ची अट इंग्रजांकडून आली. १६०४ साली लंडनमध्ये सेमेन विरुद्ध ग्रेशम असा एक वाद निकाली निघाला. दोघे एका घरात राहायचे, त्यातला एक जण मेला. तो कर्जबाजारी होता आणि त्याचं सामान घरातच राहिलं. सावकार सेमेनने वसुलीचा हुकूम आणला. हुकूम बजावणारा अधिकारी, म्हणजे शेरिफ, दाराशी आला, तर ग्रेशमने दार लावून घेतलं. 'प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला' हे वाक्य या खटल्यातून जगभर गेलं. पण त्याच निकालाचा दुसरा भाग लोक विसरतात: राजाच्या वतीने कारवाई असेल तर अधिकाऱ्याला दार फोडता येतं, मात्र आधी येण्याचं कारण सांगून दार उघडायची विनंती केली पाहिजे. चारशे वर्षांनंतर आपल्या हवालदाराने दाराबाहेर जे बोलायचं असतं, ते मुळात तिथलं.

हाक मारण्याचा फायदा फक्त घरमालकाला होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या (म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ३७ व्या कलमाप्रमाणे, लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने सद्‌भावनेने काही करत असेल, ते काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं तरी, त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा अधिकार वापरता येत नाही. जीवाची किंवा गंभीर इजेची रास्त भीती असेल तर गोष्ट वेगळी. पण यालाही एक पळवाट ठेवलेली आहे, आणि ती ठेवायलाच हवी होती. समोरचा लोकसेवक आहे हे तुम्हाला माहीतच नसेल आणि माहीत असायचं कारणही नसेल, तर हे बंधन लागू होत नाही. साध्या कपड्यातली चार माणसं रात्री काही न बोलता कडी हलवू लागली आणि आतल्याने दरोडेखोर समजून काठी घातली, तर दोष कुणाचा? म्हणून 'पोलीस आहोत' हे दोन शब्द पोलिसाच्याही डोक्याचं रक्षण करतात. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपलं नाव स्पष्ट दिसेल अशी ओळख अंगावर लावावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं ३६ वं कलम म्हणतं, त्यामागेही हेच आहे.

आता वस्तूंकडे वळू. चोरीचे दागिने, बनावट शिक्के, गुन्ह्यातलं हत्यार, हिशेबाच्या वह्या असं काही हवं असेल तर सरळ मार्ग म्हणजे दंडाधिकाऱ्यांकडून झडती वॉरंट. चोरीचा किंवा बनावट माल एखाद्या जागी ठेवलाय अशी माहिती असेल, तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या ९७ व्या कलमाखाली कॉन्स्टेबलपेक्षा वरच्या दर्जाच्या पोलिसाला तिथे जायचं वॉरंट मिळू शकतं. कुणाला बेकायदा कोंडून ठेवलं असेल तर १०० वं कलम आहे.

पण ज्याच्यावर खरं काम चालतं ते कलम १८५, जुनं १६५. ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपासी अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, पण मनात आलं म्हणून नाही. तपासाला आवश्यक वस्तू त्या जागी मिळेल असं मानायला वाजवी कारण हवं, आणि विलंब न होता ती दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही असं त्याचं मत हवं. ती कारणं त्याने आधी केस डायरीत लिहायची. काय शोधायला जातोय तेही शक्यतो नमूद करायचं. जमेल तितकं स्वतः जायचं. स्वतः जाणं शक्य नसेल तर का नाही ते लिहून हाताखालच्याला लेखी आदेश द्यायचा. या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पोचल्या पाहिजेत. ही ४८ तासांची मुदत नव्या संहितेने घातली. पूर्वी नुसतं 'ताबडतोब' होतं, आणि सरकारी 'ताबडतोब' किती लांबतं हे आपण जाणतो. घरमालकाने अर्ज केला तर त्यालाही त्या नोंदींची प्रत दंडाधिकाऱ्यांकडून फुकट मिळते. हा अर्ज करणारी माणसं मला फार कमी भेटली.

मग १८५ खाली दार तोडता येतं का? त्या कलमात 'तोडा' असा शब्द नाही. पण ते म्हणतं, झडतीचे सर्वसाधारण नियम १०३ प्रमाणे. आणि १०३ म्हणतं, बंद जागेत प्रवेश मिळाला नाही तर ४४ मध्ये सांगितलं तसं करा. म्हणजे फिरून गाडी त्याच तीन गोष्टींवर येते: कोण, कशासाठी, आणि दार उघडा. वॉरंट असेल तर ते दाखवायचंही.

दार उघडलं किंवा तुटलं, की इथून पुढे पंच. त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी झडतीआधी बोलावून घ्यायचे. तिथलं कुणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसरीकडचे चालतात. लेखी आदेश देऊन बोलावलं आणि वाजवी कारणाशिवाय तुम्ही नकार दिलात, तर तो गुन्हा ठरतो; हे ऐकून सोसायटीच्या सभांमध्ये नेहमी शांतता पसरते. 'पण मग कोर्टाच्या खेपा?' या भीतीवर कायद्याने तोडगा दिलाय: खास समन्स निघाल्याशिवाय पंचाला कोर्टात जायची सक्ती नाही. प्रत्यक्षात खटला उभा राहिला की समन्स येतंच, ते सोडा.

पंचनाम्याची मराठी ही स्वतंत्र बोलीच आहे. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच…' पासून सुरुवात, मग घराच्या चतुःसीमा, मग घरात जाण्याआधी पोलिसांनी व पंचांनी आपापली अंगझडती घरमालकास दिली असता 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही'. हसू येतं, पण या ओळीत शहाणपण आहे. आत जाणाऱ्याचे खिसे रिकामे होते हे आधी दाखवलं, तर 'माल त्यांनीच ठेवला' या आरोपाला आधार उरत नाही. पुढे कोणत्या कपाटाच्या कोणत्या कप्प्यात काय 'मिळून आले' त्याची यादी. त्यावर पंचांच्या सह्या, आणि यादीची प्रत घरातल्या माणसाला. झडती चालू असताना घरमालकाला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी हजर राहू द्यायलाच हवं. घरातल्या बाईच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर ती फक्त बाईनेच, मर्यादा सांभाळून.

कागदावर हे सगळं सुरेख आहे. व्यवहारात 'स्टॉक पंच' नावाची जमात तयार झाली: ठाण्याजवळच्या टपरीवर बसलेला, दहा-बारा पंचनाम्यांवर सही केलेला माणूस. उलटतपासणीत त्याला 'याआधी किती वेळा पंच झालात?' एवढं विचारलं की खटला डगमगू लागतो. नाहीतर खरा शेजारी पंच होतो आणि तीन वर्षांनी कोर्टात सांगतो की 'साहेब, मी सही ठाण्यात केली'. याला फितूर म्हणतात. कधी तो दबावाने फितूर झालेला असतो, कधी पहिल्यांदाच खरं बोलत असतो.

या दुखण्यावर नव्या संहितेने १०५ व्या कलमाचं औषध काढलंय. झडती आणि जप्तीचं, यादी करण्यासकट आणि पंचांच्या सहीसकट, दृकश्राव्य चित्रीकरण करायचं, शक्यतो मोबाइलवरच, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. त्यासाठी 'ई-साक्ष्य' नावाचं ॲप काढलंय. कॅमेरा कुठून सुरू होतो हा माझ्या मते यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. दार उघडं, कपाट उघडं आणि पलंगावर माल मांडलेला, इथून चित्रीकरण सुरू झालं तर ते पंचनाम्याचा फोटो झालं. ते दाराबाहेर, पहिल्या हाकेपासून सुरू झालं पाहिजे. वकिलांनी आता हेच विचारायला शिकलं पाहिजे.

काही कायद्यांचा मात्र वेगळा खाक्या आहे. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा. त्याच्या ६ व्या कलमाखाली अधिकार मिळालेला पोलीस जुगारअड्ड्याच्या संशयावरून दिवसा किंवा रात्री, गरज पडली तर बळजबरीने, आत शिरू शकतो. तिथे पत्ते, फासे, मटक्याच्या चिठ्ठ्या असं साहित्य सापडलं, तर ती जागा अड्डाच होती असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलं जातं. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा याहून कडक, पण पोलिसांवरही कडक. सूर्योदय ते सूर्यास्त यांच्यामध्ये अधिकृत अधिकारी वॉरंटशिवाय आत जाऊ शकतो, विरोध झाला तर दार तोडू शकतो. सूर्य मावळल्यावर जायचं असेल तर वॉरंट का आणता आलं नाही याची कारणं आधी लिहायची, आणि ती ७२ तासांत वरिष्ठांकडे धाडायची. हे पाळलं नाही म्हणून खटले कोसळतात. आणि वाजवी संशय नसताना कुणाच्या घरात घुसलात तर त्याच कायद्याच्या ५८ व्या कलमात अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

साध्या गुन्ह्यांत रात्रीच्या झडतीवर सरसकट बंदी नाही, हेही सांगून टाकते, कारण 'रात्री पोलीस येऊच शकत नाहीत' हा दुसरा लाडका गैरसमज. बंदी आहे ती स्त्रीच्या अटकेवर: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवादात्मक प्रसंग असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी लेखी परवानगी घेऊन करायची.

गंमत म्हणजे रात्रीची बंदी जिथे खरोखर पक्की आहे, तिथे पोलीस नसतोच. तिथे बेलिफ असतो. दिवाणी कोर्टाच्या हुकमाने सामान जप्त करायला येणारा बेलिफ सूर्यास्तानंतर राहत्या घरात पाऊल ठेवू शकत नाही. बाहेरचं दार तोडायचं तर घर कर्जदाराच्या ताब्यातलं हवं आणि त्याने वाट अडवलेली हवी. ग्रेशमचा १६०४ चा हट्ट इथे आजही जिवंत आहे. कब्जा वॉरंटमध्ये मात्र कुलूप तोडून ताबा देता येतो, आणि बँकेने थकलेल्या गृहकर्जासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश आणला तर गरजेपुरतं बळ वापरून ताबा घेतला जातो. पोलीस तिथे बंदोबस्ताला असतात. हे इतकं सविस्तर सांगते कारण 'भाडेकरू खोली सोडत नाही, साहेब, जरा कुलूप तोडून द्या' म्हणत घरमालक ठाण्यात जातात. ते काम पोलिसांचं नाही. कुणी ओळखीने करून दिलंच, तर तो कडी-कोयंडा उचकटण्याचाच प्रकार झाला.

आता कडू भाग. समजा पोलिसांनी हाक मारली नाही, कारणं लिहिली नाहीत, पंचही भलतेच आणले. मग मिळालेला माल कोर्ट फेकून देतं? सहसा नाही. उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनच्या घरी झडतीत न वाटलेली रजिस्टर पत्रं सापडली होती. झडतीत नियम मोडले गेले, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा झडतीला घरमालक विरोध करू शकतो, न्यायालय असा पुरावा अधिक बारकाईने तपासेल, पण तेवढ्याने जप्ती रद्दबातल होत नाही. १९७३ मध्ये पूरण मल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी हीच रेघ गडद केली. अमेरिकेत बेकायदा झडतीतला पुरावा अनेकदा बाद होतो. आपण तो रस्ता घेतला नाही. माझं मत विचाराल तर हीच आपल्या व्यवस्थेची सैल फट आहे. नियम मोडून मिळालेलं पीक घरात येतंच, मग कुंपण कोण जपणार?

पण कुंपण अगदीच पडलेलं नाही. खडक सिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडून पुराव्याअभावी सोडलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगाराची नोंद, उघडलं. पुढची कितीतरी वर्षं शिपाई रात्री येऊन त्याचं दार ठोठावत, हाका मारत, आत शिरत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीतलं रात्रीच्या घरभेटींचं कलम रद्द केलं, आणि ते करताना लंडनच्या त्या किल्ल्याची आठवण काढली. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं त्या वेळी बहुमताने मानलं नाही. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला, नऊ न्यायमूर्तींच्या पुट्टस्वामी निकालात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १४७ व्या कलमात अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणाऱ्या पोलिसाला शिक्षा आहे.

मग दाराशी हाक आली तर करायचं काय? सेफ्टी डोअरची जाळी कशासाठी असते? आतलं दार उघडा, जाळीतून बोला. नाव, ठाणं, कशासाठी, कागद आहे का, हे विचारा. शंका वाटली तर तिथूनच ११२ ला फोन लावून खात्री करा आणि बाहेरच्यांना तसं सांगा. विचारणं म्हणजे अडथळा आणणं नाही, पण अंगावर जाणं किंवा दार अडवून बसणं हे मात्र सरकारी कामात अडथळ्याच्या कलमात नेऊन बसवतं. झडती चुकीची वाटत असेल तर तसं तोंडी सांगा आणि यादीवर सही करताना हरकत लिहा. 'सही केली म्हणजे सगळं कबूल' असं समजून लोक सहीच टाळतात आणि मग प्रतही सोडून देतात. प्रत सोडू नका. आणि तुटलेल्या दाराचं? कायदेशीर झडतीत झालेल्या मोडतोडीची भरपाई द्या, असं या कलमांत कुठे लिहिलेलं नाही.

राहिलं ते तिसरं कारण, ज्याच्यासाठी दारं कदाचित सगळ्यात जास्त तुटतात. आत कुणी तरी पडलंय. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस कायद्यात 'जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी' आत शिरायचा अधिकार सरळ एका ओळीत दिलाय. आपल्या नागरिक सुरक्षा संहितेत अशी थेट ओळ नाही. आधार घ्यावा लागतो तो न्याय संहितेच्या १९ व्या कलमाचा: मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्‌भावनेने लहान हानी केली तर तो गुन्हा नाही. हे कलम पोलिसाला आहे, तसं शेजाऱ्यालाही आहे.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. एका सकाळी त्यांच्या दाराच्या हुकला आदल्या दिवशीची दुधाची पिशवी तशीच लटकत होती, आणि आत टीव्ही चालू. बेल वाजवली, फोन केला, आतला फोन वाजताना ऐकू आला. सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलबाई, तोडायचं का?" १९ वं कलम पाठ असूनही माझी जीभ उचलेना. ११२ लावला. पंधरा मिनिटांत दोन पोलीस आले. किल्लीवाल्याने नाइट लॅच उघडलं, पण आतून कडी. अग्निशमनवाले कटर घेऊन आले. आणि तेव्हा त्या हवालदारांनी जे केलं ते मी विसरलेली नाही. आत कुणी उत्तर देणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, तरी त्यांनी जाळीला तोंड लावून मोठ्याने हाक मारली. "आजोबा, पोलीस आहोत. तुम्ही बरे आहात का बघायला आलोय. दार उघडतोय, घाबरू नका."

आजोबा बाथरूमच्या दाराशी पडलेले होते. खुबा मोडला होता, शुद्धीवर होते, ओठ सुकलेले. स्ट्रेचर खाली गेलं. आम्हाला वाटलं, झालं. हवालदारांनी मात्र चपलांच्या रॅकवर बसून कागद काढला. किती वाजता, कुणी कळवलं, काय कापलं. कपाट बंद होतं ते तसंच ठेवलं. टेबलावरचं घड्याळ, पाकीट, पाकिटातले पैसे मोजून लिहिले. सेक्रेटरी आणि मी पंच. किल्लीवाल्याकडून नवं कुलूप घातलं, किल्ली मुलगी येईपर्यंत सेक्रेटरींकडे, त्याचीही नोंद. दाराचा खर्च कुणी करायचा यावर पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये सव्वा तास चर्चा झाली.

दीड महिन्याने आजोबा वॉकर घेऊन परत आले. मुलीने त्यांना पंचनाम्याची प्रत वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांची एकच हरकत निघाली. कागदात लिहिलं होतं, 'हॉलमध्ये एक जुना टीव्ही, चालू स्थितीत.'

"जुना कसा?" म्हणाले. "दिवाळीत घेतलाय."